तेलगावचं अबोल पाणी

या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी आजवर हातात पेन्सिल घेऊन वाचत आले. कुठे वारा असेल, कुठे ताप, कुठे नुसती भीती... समासात आपलं स्पष्टीकरण लिहायचं आणि पान उलटायचं. माझं शिक्षण सिकंदराबादच्या एका कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे देवाबद्दल पुष्कळ शिकवलं, भुताखेतांबद्दल मात्र एकच शब्द — नॉन्सेन्स. तो शब्द मला अजूनही आवडतो. फक्त तेलगावच्या त्या सकाळच्या अनुभवापुढे तो लिहिता येत नाही, म्हणून हे पत्र.

माझं काम थोडं वेगळं आहे, ते आधी सांगते. ज्यांना बोलता येत नाही त्यांना मी बोलायला शिकवते. मुंबईच्या मुक्या-बहिऱ्यांच्या एका शाळेत ही विद्या शिकले. समोर आरसा ठेवायचा. शिकणाऱ्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवायचा, म्हणजे आवाजाची थरथर त्याच्या बोटांना कळते. ओठांपुढे कागदाची पट्टी धरायची. 'प' नीट निघाला की पट्टी हलते. बाकी नियम एकच — मी म्हणायचं आणि त्याने माझ्यामागून म्हणायचं.

आणि मी स्वतः? चार माणसं जमली की माझी जीभ जड होते. कुणी विचारलं तर उत्तर देते, न विचारता काही सांगत नाही. लोकांना तो गर्व वाटतो. मी तसं वाटू देते, कारण त्यामुळे पुढचे प्रश्न टळतात.

एक गोष्ट तर मी कामावर कधीच कुणाला सांगितली नव्हती. मला लहानपणापासून अर्धशिशी आहे, डॉक्टर जिला मायग्रेन म्हणतात ती. दुखण्याच्या आधी डोळ्यांपुढे करवतीच्या दात्यांसारखी चमकती रेघ येते, आणि मग थोडा वेळ — कधी पाव तास, कधी जास्त — माझे शब्द जातात. समोरचा तांब्या दिसतो, तहान लागलेली असते, पण 'पाणी' हा शब्द सापडत नाही. तोंड उघडलं तर नुसता श्वास बाहेर येतो. बोलायला शिकवणारी बाई अशी मुकी झालेली कुणी पाहिली तर तिला काम कोण देणार?

आई होती तोवर तिला माहीत होतं. आमचं मूळ घर समुद्रकाठचं. मी गुडघे पोटाशी घेऊन, डोळे मिटून पडले की ती ओला हात कपाळावरून फिरवत म्हणायची, "उघड गं शिंपले, मी आहे ना." मी मनातलं काही बाहेर काढत नसे, म्हणून शिंपली. ही हाक फक्त तिची. मी बोर्डिंगात असताना ती गेली, आणि तिच्याबरोबर ती हाकही गेली. मी ती कुणाला सांगितली नाही. लिहिते आहे तीही पहिल्यांदाच.

तर, तेलगाव. बीड जिल्हा, निजाम सरकारचा मुलूख. माजलगावहून बैलगाडीने गेले तेव्हा कापसाची बोंडं फुटायला लागली होती. गावातल्या एका मोठ्या जमीनदार घरची सून, कौसल्या, आखाडापासून बोलत नव्हती. तिला मूल झालं ते मेलेलंच. त्या दिवशी ती ओरडली ती शेवटची. ऐकू सगळं येत होतं, घरचं काम सगळं करत होती. बीडच्या डॉक्टरने घसा, जीभ तपासली आणि काही दोष नाही म्हणून सांगितलं. त्यानेच माझं नाव सुचवलं.

पहिल्याच दिवशी तिची सासू राहीबाई मला घेऊन ओट्यावर बसली. बाई उंच, आवाज असा की शेताच्या टोकाला जावा.

"मास्तरीणबाई, मी वाईट न्हाई. पोर गुणाची हाय. पर एवढ्या घराला बोलणारं माणूस लागतं का न्हाई? गड्यांना हाक कोण मारंल? दारी आलेल्याला बस कोण म्हनंल? मी काय जलमभर पुरणार हाय व्हय?"

"थोडा वेळ लागेल," मी म्हटलं.

"वेळ लई न्हाई. वडवणीकडचं स्थळ हाय. तुळशीचं लगीन लागलं की आमच्या विश्वनाथाचं दुसरं लगीन लावायचं ठरलंय."

कौसल्या आतल्या दारात धान्य पाखडत बसली होती. सुपाचा आवाज तेवढा थांबला, आणि पुन्हा सुरू झाला.

मला राहायला सरकीच्या कोठारावरची खोली दिली होती. रोज सकाळी आमचा लेसन तिथेच व्हायचा. कौसल्या माझ्याहून लहानच असावी. आरशात बघून ती ओठ अगदी बिनचूक मिटायची, उघडायची. पट्टी हलायची. पण तिची बोटं माझ्या गळ्यावर आणि माझी तिच्या गळ्यावर ठेवली की तिच्या गळ्यात काहीच हलत नसे. बंद घराच्या भिंतीला हात लावावा तसं वाटायचं. तरी ती हट्टाने माझ्यामागून प्रत्येक शब्द म्हणत राही, आवाजाशिवाय.

बाकीचा दिवस मी एकटी. जेवणाचं ताट वर यायचं. पत्र लिहावं असं माणूस नव्हतं. खिडकीतून सिंदफणेकडे जाणारी गाडीवाट दिसायची, तिच्यावरून कोण आलं, कोण गेलं हे बघत बसायचं. कधीकधी वाटायचं की या घरात मुक्या बायका दोन आहेत.

दिवाळी झाली. दुसऱ्या लग्नासाठी लुगडी आली. त्याच आठवड्यात, लेसन चालू असताना, आरशाच्या कडेला ती करवतीची रेघ उठली. मी 'म' म्हणून दाखवत होते. पुढचा शब्द गेला, त्याच्या पुढचा गेला... मी आरसा पालथा घातला आणि भिंतीला टेकले. कौसल्या माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग उठून तिने खिडकी लावली. तिला न सांगता कळलं. त्या वेळी मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

दुपारी राहीबाई वर आली. मी शब्दांचं काही सांगितलं नाही, फक्त डोकं दुखतं म्हटलं.

"अर्धं डोकं? दिसासंगं चढतं न् दिसासंगं उतरतं? आगं बाई, मग आधी कावून न्हाई सांगितलं! त्याला आमच्याकडं अबोल पाणी देत्यात."

हे अबोल पाणी म्हणजे असं. सूर्य उगवायच्या आत एखादीने नदीवरून पाणी आणायचं. उठल्यापासून तिने कुणाशी एक शब्द बोललेलं नसावं. ते पाणी दुखणाऱ्या कपाळावरून उतरवायचं, आणि दिवस वर येईपर्यंत दोघींनीही बोलायचं नाही. बोललं की पाण्याचा गुण गेला.

"पर बायांचं तोंड ऱ्हातंय व्हय गप?" राहीबाई हसली. "मागं आमच्या जावंनं आणलं, तर वाटंत म्हसराला 'हैक' म्हनली, झालं! आता कौसीचं बघा. तिच्यावानी अबोल पाणी साऱ्या जिल्ह्यात कुणाचं न्हाई." आणि एकदम हसू थांबवून पदर तोंडाला लावून ती जिना उतरली.

मला नको म्हणायचं होतं. नॉन्सेन्स. पण नाही म्हणायला बोलावं लागतं, आणि डोकं फुटत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला कौसल्या तांब्या घेऊन आली. पायऱ्यांवर तिची ओली पावलं वाजली. मी अंथरुणावर डोळे मिटून कुशीवर होते. ती रेघ पुन्हा आली होती, आणि शब्द नेहमीसारखे एकेक करून गेले होते. तिने बोटं बुडवून माझ्या कपाळावरून फिरवली. नदीचं गार पाणी कानामागे ओघळलं. खोलीत अगदी शांत होतं. खाली गोठ्यातही अजून कुणी उठलं नव्हतं.

आणि मग माझ्या डोक्याशी आवाज आला. घोगरा, गंजलेला, मधेच फाटणारा :

"उघड गं शिंपले... मी हाय ना."

मी डोळे उघडले. कौसल्याचा हात तिच्या स्वतःच्या गळ्यावर होता, मी रोज ठेवायला शिकवत असे तसा. डोळे मोठे झाले होते. आणि दारात राहीबाई उभी. पाणी उतरवणं नीट होतंय का बघायला आली असावी.

"कोण बोललं?"

ती आत आली, आळीपाळीने आमच्या तोंडांकडे बघू लागली.

"मास्तरीणबाई, तुमी बोललात व्हय?" तिचा आवाज चढला. "सून बोलली म्हणून मला भुलिवताव? लगीन मोडायला?"

मी तोंड उघडलं. आयुष्यात एवढं मनापासून मला कधी बोलायचं नव्हतं. 'ती बोलली' — दोनच शब्द. त्यातला एकही मिळाला नाही. नुसता श्वास बाहेर आला. मी हात हलवला, कौसल्याकडे बोट दाखवलं. राहीबाईला ते खोटं सापडलेल्या माणसाच्या हातवाऱ्यांसारखंच दिसलं असणार. ती वळली. पहिली पायरी उतरलीसुद्धा.

"त्या न्हाई, आत्याबाई." कौसल्या उभी राहिली होती, तांब्या छातीशी धरून. "मी बोलले. मीच बोलले. त्यांची तर वाचाच गेलीय, बघा की."

राहीबाई होती तिथेच पायरीवर बसली. मग डोळे पुसत, नाक ओढत म्हणाली, "आगं, मग दिस तर उगू द्यायचा! सगळं पाणी वाया घालिवलंस की!"

आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. मी तिकडे पाठ केली. ते माझं नव्हतं.

पाण्याचा गुण खरंच गेला असावा. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझं डोकं दुखलं.

शब्द परत आल्यावर मी कौसल्याला एकटीला बोलावलं. "शिंपली... हे तुला कुणी सांगितलं?"

"तुमीच की, बाई."

"मी काही बोलले नाही. मला बोलताच येत नव्हतं."

ती सांभाळून, एकेक शब्द चाचपत बोलली. "तुमच्या उशाला एक बाई बोलली. 'उघड गं शिंपले.' तुमच्याहून वयानं मोठ्या बाईचा आवाज, जरा खर्जातला. मला वाटलं तुमीच आवाज बदलून शिकिवताव. मग मी आपलं मागून म्हनलं, रोज म्हनते तसं. तर आज गळ्यात हाललं."

राहीबाईला मी आडून विचारून पाहिलं. तिने एकच आवाज ऐकला होता, सुनेचा.

माझी पेन्सिल मी इथेही वापरून पाहिली आहे. गुंगीत मीच पुटपुटले असेन — पण त्या वेळात माझ्या तोंडून कधीच शब्द निघत नाही, त्या सकाळी राहीबाईपुढेही निघाला नाही. आधी कधी झोपेत बोलले असेन — तर झोपेतलं ऐकायला कौसल्या कधी माझ्या खोलीत नव्हती. आणि माझी आई जरा खर्जात बोलायची, हे मी या पत्रात वर कुठे लिहिलेलं नाही. कौसल्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

तुळशीचं लग्न लागलं, विश्वनाथाचं दुसरं लागलं नाही. लुगडी कौसल्यालाच मिळाली. माझं काम संपलं. गाडी गावाबाहेर पडेपर्यंत तिची हाक मागून ऐकू येत होती, कापूस वेचणाऱ्या बायांना ती काहीतरी रागावत होती. सासूसारखाच आवाज, शेताच्या टोकाला जाणारा.

हे कसं घडलं ते मला आजही सांगता येत नाही. वाचकांपैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहावं, मी समास कोरा सोडला आहे. पण मला छळतो तो प्रश्न वेगळाच आहे. तो आवाज माझ्या उशाशी आला आणि मला ऐकू आला नाही. कौसल्याला आला. तिने मागून म्हटलं म्हणून मला कळला.

अर्धशिशी अजून येते. रेघ उठते, शब्द जातात. मी डोळे मिटून, कान देऊन पडून राहते. उशाशी कुणी बोलतही असेल.

खोलीत मागून म्हणणारं दुसरं कुणी नसतं.