निळे सुरवंट

लग्नानंतर मी म्हैसूर सोडून येलवालला राहायला गेले. यजमान महाराजांच्या शेतकी खात्यात, पिकांवरच्या किडी पाहायचं काम. त्या आषाढात कंबळी हुळ आली. हुळ म्हणजे कन्नडात अळी. अंगभर घोंगडीसारखे तांबूस केस, म्हणून कंबळी. भुईमुगाचं एक शेत फस्त झालं की सगळी फौज उठून पुढच्या शेताकडे चालू लागे. बांधावर उभं राहिलं की पानं कुरतडल्याचा आवाज ऐकू यायचा.

"कुठं जातात ते कळायला हवं," हे म्हणाले. "केसांवर रंग टाकला तर?"

घरात रंग एकच. मी धुण्याची नीळ आणली आणि फडक्याच्या पुरचुंडीतून आम्ही ती सुरवंटांवर झटकली.

दुसऱ्या सकाळी निळे सुरवंट गाडीवाट ओलांडून नाचणीत होते. मग थेट ओढ्याकाठी. वाटेतल्या दगडावरही चढून उतरले, पण दिशा सोडली नाही. पुढे कुणी चालवणारा नव्हता. मी पदर आवरून मागोमाग जात राहिले.

आणि एका सकाळी एकही दिसेना. शेताची मालकीण, वयस्कर बाई, कन्नडात म्हणाली, "देवीनं नेलं, अक्का."

करंजाच्या सावलीत मला मातीवर काहीतरी चमकताना दिसलं.

"अहो, इथं नीळ दिसतेय."

यांनी खुरप्यानं माती उकरली. वीतभर खाली तपकिरी कोश, एकमेकांना चिकटून, आणि प्रत्येकाभोवती निळ्या केसांचं अस्तर.

"आपलेच केस काढून घर बांधलंय," हे हळूच म्हणाले.

मी एक कोश तळहातावर घेतला. त्यानं शेपटाकडचं टोक वळवलं.

"अय्यो, जिवंत आहे!" बाईंनी तोंडावर हात ठेवला. आम्ही तिघंही तिथंच मातीत बसलो. उठावंसं वाटेना.

मग बाईंनीच गावातल्या बायका गोळा केल्या. झाडांचे बुंधे, कुंपणाच्या कडा उकरून पाट्याच्या पाट्या कोश काढले. पुढच्या साली ओढ्यापलीकडे हुळ आली. अलीकडचा भुईमूग मात्र बहुतेक वाचला.

मी एक कोश मातीच्या मडक्यात ठेवला होता. वर्ष उलटता उलटता एका संध्याकाळी त्यातून पांढरा पतंग निघाला, पंखाच्या कडेला पिवळी रेघ. पंख ओले, चुरगळलेले. ते सुकून ताठ होईपर्यंत हे आणि मी जेवण विसरून पाहत राहिलो.