सकाळचा निळा धूर
परवा धंतोलीच्या सिग्नलवर जळक्या ऑइलचा वास आला आणि मला बाबांची जुनी गाडी आठवली. रोज सकाळी ती सुरू केली की निळा धूर अंगणभर पसरायचा आणि ऑइल भराभर संपायचं. एका गॅरेजवाल्यानं इंजिनच गेलं म्हणून सांगितलं, तेव्हा बाबांनी जड मनानं ती भंगारात द्यायचं ठरवलं. आई मात्र हट्टानं आम्हाला हिंगण्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे घेऊन गेली. सगळं ऐकून त्यांनी बॉनेट न उघडताच विचारलं, "धूर चालत्या गाडीतूनबी येते का जी?" बाबा गोंधळले. आई म्हणाली, "नाही, फक्त सकाळी, पहिलं एक मिनिट. फाटक उघडायला मीच मागे उभी असते ना!" मिस्त्री खुलले. "मंग गाडी भंगारात काहून देता? वॉल्व्हचे रबरी सील कडक झाले. गाडी उभी राहिली का तेल थेंब थेंब आत उतरते, अन् सुरू करताच जळते." सील बदलल्यावर दुसऱ्या सकाळी बाबांनी किल्ली फिरवली, तर धूर नाही! खात्रीसाठी त्यांनी गाडी तीनदा बंद-चालू केली, मग खाली उतरून आईसाठी पुढचं दार उघडलं आणि तिला फिरवून आणलं. आता माझी गाडी जरा कुरकुरली, की मी गॅरेजच्या आधी आईला फोन लावतो.