रेश्माच्या डोक्यातला खड्डा

कन्हेरीच्या विजयमालाला माणसांच्या बोटांची किळस आली होती. अपघातानंतर तिच्या लेकीच्या, रेश्माच्या कवटीत फुटलेल्या हाडाच्या जागी बसवलेलं सिमेंट पू झाल्यानं काढावं लागलं. तेव्हापासून भेटायला येणारा जो तो कलिंगड चाचपावं तसा तिच्या डोक्यातला मऊ खड्डा दाबून पाही.

बारामतीच्या डॉक्टरांनी विचारलं, आता पुन्हा सिमेंट की टायटॅनियमची जाळी? विजयमालाचे चुलत सासरे रामहरीतात्या लगेच पुढं सरसावले.

"पत्रा नको. सोयरीक आली तर सांगायचं काय? सिमेंटच बसवा."

"तात्या, मागच्या येळीबी तुमीच निवडलं व्हतं," रेश्मा म्हणाली. "पू माझ्या डोक्यात झाला."

"बघू, किती खोल हाय," म्हणत तात्यांनी बोट पुढं केलं. विजयमालानं त्यांचा हात झिडकारला आणि टायटॅनियमच्या जाळीच्या संमतीच्या कागदावर सही केली.