संताच्या सपाता

काल एका प्रदर्शनात जुनं युरोपीय चित्र दिसलं. मेजावर वाकून लिहिणारा म्हातारा संत, पायाशी सिंह, खिडकीत कवटी. मी तिथंच थबकले. वसईच्या आमच्या शाळेत चित्रकलेच्या सरांनी हेच चित्र फळ्यावर टांगलं होतं. हातातल्या पुस्तकात बघून ते सांगत होते, "कवटी म्हणजे मरणाची आठवण. वाळूचं घड्याळ म्हणजे सरत चाललेला वेळ. सिंहाच्या पायातला काटा संतानं काढला, म्हणून तो असा माणसाळलाय."

"आणि बाकाखालच्या सपाता, सर?" मी विचारलं.

सरांनी पानं चाळली. "त्याबद्दल इथं काहीच नाही. तुला काय वाटतं?"

माझे पप्पा बोटीवर नोकरीला होते. वर्षातले दहा महिने घर त्यांच्याविना असे. ते सुट्टीवर आले, की शाळेतून पळत येऊन मी आधी दारातल्या त्यांच्या चपला बघायची. पुस्तकातल्या कुठल्याही खुणेपेक्षा ती खूण मला जास्त कळत होती.

"सपाता काढून ठेवल्यात, म्हणजे तो आज कुठे जाणार नाही," मी म्हणाले.

वर्गात कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि पुस्तकाच्या समासात माझं वाक्य लिहून घेतलं.