तोंड मिटायची शिकवणी

आमच्या सासूबाईंना एका जागी बसवायचं तर खिळे ठोकावे लागतील. चहासुद्धा त्या उभ्यानेच पितात, आणि उभ्या म्हणजे दाराकडे निघालेल्या. त्यांचा धंदाच तसा. खाडीच्या तोंडाशी जाळीच्या पिशव्यांतून कालवांची, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांची, पिल्लं वाढवायची आणि नखाएवढी झाली की दूरच्या कालव-शेतवाल्याला लावणीसाठी द्यायची. पिशव्या हलवल्या नाहीत तर पिल्लं एकमेकांना चिकटून बसतात. म्हणून यांचं दिवसभर हलवणं चालू. घरी आल्यावर मिठाचा डबाही हलवूनच जागेवर ठेवतात.

गेल्या वर्षीचा माल रस्त्यातच मेला. ट्रकमध्ये पिल्लांनी शिंपले उघडले, आतलं पाणी सांडलं, खेळ खलास. गिऱ्हाईक जुनं आणि भलं, पण या वेळी फोनवर म्हणाला, "काकू, परत असं झालं तर मला दुसरीकडे बघावं लागेल." आम्हाला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

उपाय साधा होता. पाठवण्याआधी काही आठवडे पिशव्या घरासमोर खाडीतच उंच मांडणीवर ठेवायच्या, म्हणजे ओहोटीला त्या पाण्याबाहेर राहतात. रोज थोडा वेळ कोरडं राहिलं की पिल्लं तोंड घट्ट मिटून आतलं पाणी धरायला शिकतात. साधा खरा, पण सासूबाईंच्या जिवावर आला. पाणी उतरलं की त्यांची घालमेल सुरू. खिडकी, दार, पुन्हा खिडकी.

"तहानली असतील गं."

"आई, शिकतायत ती. बसा बघू."

"बसलेच आहे," म्हणत त्या चपला शोधायच्या.

मला चीड यायची. धाकधूक मलाही होती, पण ती दाखवायला घरात जागाच उरली नव्हती. सगळी त्यांनी अडवलेली.

एकदा ओहोटीच्या वेळी मी मांडणीकडे गेले, तर सासूबाई कडेच्या पिशवीवर बादली ओतत होत्या. मला पाहून त्यांनी ती पाठीमागे लपवली. एवढी मोठी बादली!

"ही एकच पिशवी. बारकी आहेत गं, अशक्त आहेत."

मी तोंड उघडणार तोच घरातून माझ्या नवऱ्याची हाक आली, "आई, टॉवेल!" चाळिशीचा बाप्या, पण अंघोळीला टॉवेल घेऊन म्हणून जायचा नाही. कारण टॉवेल मागून येतोच. सासूबाई बादली टाकून धावल्या.

माल गेल्यावर फोन येईपर्यंत आम्हा दोघींनाही काही सुचेना. मी धुतलेली भांडी पुन्हा धुतली. शेवटी फोन वाजला.

"काकू, छान आलाय माल. सगळी गच्च मिटलेली. पुढच्या वर्षीही तुमच्याकडूनच घेणार. फक्त बारक्यांची ती एक पिशवी गेली. सगळी उघडी पडली होती."

सासूबाई खुर्चीत बसल्या. खरोखर बसल्या.

"मीच मारली," त्या म्हणाल्या.

'सांगत होते ना' हे माझ्या ओठांवर होतं. ते गिळलं, कारण त्यांच्याकडे बघवेना.

"आई, टॉवेल!"

त्या अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या. मग सवयीने मीच निघाले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"आई! अगं, ऐकतेस ना?"

"लहानपणी फार अशक्त होता गं," त्या हळूच म्हणाल्या. पण माझं मनगट काही त्यांनी सोडलं नाही.