भिंतीवरची एकच टिकली

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, आणि ज्याच्याजवळ बोलायला हवं होतं त्याच्याजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, बहुतेक म्हणूनच जमतंय.

तसं ऐकायला फार मोठं नाही. कोणाचा जीव गेला नाही, कोणाचं घर मोडलं नाही. एका शनिवारी दुपारी मी एका खोलीत एकटी होते आणि तिथे मी काहीतरी केलं. तव्यावरची पोळी उलटायला लागतो तेवढाच वेळ लागला असेल. पण ते सांगायचं तर आधी आमच्या कामाची पद्धत सांगायला हवी. त्या पद्धतीचा मला फार अभिमान होता — होता कशाला, अजून आहे.

नांदेडला वजिराबादेत एका कापड दुकानाच्या वर आमचा डिझाइन स्टुडिओ आहे. धर्माबादच्या मिरची पावडरीची पाकिटं, लातूरच्या क्लासेसचे फलक, दवाखान्यांच्या पाट्या. या भागात राहत असाल तर आमचं काहीतरी तुमच्या स्वयंपाकघरात असेलच. मी पुण्यात शिकले, तिथे नोकरी केली, लग्नानंतर इकडे आले आणि हा व्याप सुरू केला. तेव्हा आम्ही माझ्यासकट सहा जण होतो.

सुरुवातीला काम कसं चालायचं? ज्याचा आवाज मोठा, त्याची कल्पना पास. त्यातून कोणी वाचलंच, तर गिऱ्हाइकाचा मेव्हणा येऊन सगळे रंग बदलून जायचा. मला गोंधळ सोसत नाही. माझ्या मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांचीसुद्धा जागा ठरलेली आहे. जिरं जागेवर दिसलं नाही तर मी पोलिसात जाईन, असं नवरा म्हणतो. तर मी पद्धत घातली. आधी सगळ्यांनी दुकानं फिरायची, गिऱ्हाईक माल कसा उचलतं ते बघायचं, बघितलेलं लिहायचं. मग प्रत्येकाने एकाच मापाच्या कागदावर, काळ्या पेनाने, आपली कल्पना काढायची. नाव घालायचं नाही. शनिवारी सगळे कागद आतल्या खोलीतल्या भिंतीवर लागायचे. एकेकाने आत जायचं, स्वतःचा सोडून सगळ्यात आवडलेल्या कागदाखालच्या बंद लिफाफ्यात एक खूण टाकायची, म्हणजे आधीच्यांचं मत पुढच्याला दिसणार नाही, आणि बाहेर यायचं. मी सगळ्यात शेवटी जायची आणि लिफाफे उघडून खुणा ज्याच्या त्याच्या कागदावर चिकटवायची. मग मोजणी.

खुणेसाठी गोल स्टिकर आणायचे होते. पहिल्या शनिवारी ते मिळाले नाहीत, तेव्हा सुनीताने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. मरून रंगाच्या, साध्या. त्या दिवसापासून टिकल्याच. पोरं हसली, पण सरावली.

आणि शेवटचा नियम — कोणी कोणाला टिकली दिली ते नंतर विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. रुसवेफुगवे नकोत म्हणून मीच घातला होता तो. हा नियम लक्षात ठेवा, पुढे तो माझ्या कामी आला.

पद्धत वाईट होती का? नाही हो. सुनीता इतकं हळू बोलायची की तिचं वाक्य संपेपर्यंत दुसरे दोघं बोलून मोकळे झालेले असायचे. भिंत आल्यावर तिची कामं निवडली जायला लागली. बाकीच्यांना कळलं की ही पोरगी चांगलं काढते. हे पद्धतीनेच झालं. आजही कोणी विचारलं तर मी हेच सांगते आणि ते खरं आहे.

आता बालाजी. तो मुखेडचा. रोज एसटीने यायचा आणि रोज उशिरा यायचा. "येऊनच राहिलो मॅडम, गाडीच बंद पडली कंधारजवळ!" महामंडळाच्या जेवढ्या गाड्या बालाजीच्या तोंडून बंद पडल्या, तेवढ्या खरोखर पडल्या असत्या तर मराठवाडा पायी चालला असता. मोठ्याने हसायचा, टेबलावर पेरूच्या फोडी आणि तिखटमीठ पसरून ठेवायचा, दुसऱ्याच्या स्क्रीनवर बोट लावून बोलायचा. दुकानं फिरायला सांगितलं की हा गायब. आणि काम? चारदा बेकार. पाचव्यांदा असं काही काढायचा की आपण खुर्चीतून उठून जवळ जाऊन बघावं.

मला तो आवडायचा नाही. हेही आज पहिल्यांदाच लिहितेय.

उदगीरचे एक आप्पा आले होते. पिढ्यान्‌पिढ्या तूरडाळीचा व्यापार, आजवर सगळी सुटी विकलेली. आता मुलाच्या आग्रहावरून पाकिटात घालायची होती. कपाळावर भस्माचे पट्टे, आल्या आल्या सगळ्यांना हात जोडून "शरणार्थ." काम मोठं होतं. आमचं नाव झालं असतं. मी सगळ्यांना दोन दिवस उदगीर आणि लातूरच्या दुकानांत पाठवलं. बालाजी गेला नाही.

सोमवारी मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, दुकानात जाऊन काय बघायचं? डाळ म्या लहानपनापून बघून राहिलो. नियमानं चित्र न्हाई निघत."

कोणीतरी हसलं. मीही हसायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणाले, "न बघता काढलेलं या भिंतीवर टिकत नाही, बालाजी. शनिवारी दिसेलच." हे वाक्य मी सगळ्यांसमोर बोलून बसले होते. शनिवारपर्यंत ते माझ्या डोक्यातून गेलं नाही.

शनिवार आला. कागद लागले. जेवणानंतर एकेक जण आत जाऊन आला. बाकीचे गॅलरीत उभे राहून खालची वर्दळ बघत होते. शेवटी मी आत गेले आणि दार लोटलं.

भिंतीवर एक हात होता. एका रेषेत काढलेला, पाकीटभर मोठा तळहात, आणि त्याचा खोलगट भाग मोकळा सोडलेला. बाजूला बाण काढून लिहिलं होतं — इथे पारदर्शक. म्हणजे पाकिटातली खरी डाळ त्या हातात दिसणार. बाजारात डाळ घेणारी बाई काय करते? मूठभर तळहातावर घेते, अंगठ्याने फिरवते, बघते, मगच बोलते. आमच्या लोकांनी दोन दिवस फिरून हेच पानोपानी लिहून आणलं होतं. आणि तरी सगळ्यांनी काय काढलं होतं, तर हिरवी पानं आणि वाफाळती वाटी. हात फक्त एकाला सुचला होता. नाव नव्हतं, पण असा बाहेरच्या बाजूला वाकलेला अंगठा फक्त बालाजी काढायचा.

मी लिफाफे उघडून टिकल्या लावल्या. हातावर चार झाल्या.

सुनीताच्या कागदावर एक. तिचा कागद नीट होता. सगळ्या पायऱ्या चढून आलेला, जिथे जे हवं तिथे ते. त्यावरची ती एक टिकली कोणाची, हे कळायला काही लागत नव्हतं. स्वतःच्या कागदाला द्यायची नाही, म्हणून बालाजीने सुनीताला दिली होती. नियम न पाळणारा माणूस, पण तो नियम त्याने पाळला होता.

मी किती वेळ उभी होते? ठाऊक नाही. गॅलरीतून त्याचं हसणं ऐकू येत होतं. मला वाटलं, हा जिंकला तर सोमवारपासून दुकानं कोण फिरणार? लिहिणार कोण? एवढं बसवलेलं सगळं हा एसटीतून उतरून, पेरू खात खात, मोडून टाकणार. असं वाटलं — हे खरं आहे. पण त्याच्या खाली आणखी एक होतं, तेही सांगते. मी इतकी वर्षं काढतेय, असा हात मला कधी सुचलेला नाही. पुण्यातही नाही. मला त्याचा हेवा वाटला, साधा, शाळेतल्या पोरींना वाटतो तसला.

मी नखाने हातावरच्या तीन टिकल्या काढल्या, सगळ्या एकीकडे दिसू नयेत म्हणून एक दुसऱ्याच कागदावर लावली आणि दोन सुनीताच्या कागदावर. माझी पण तिथेच लावली. हातावर एक राहू दिली. ती का राहू दिली? तेव्हा विचार केला नव्हता. नंतर लक्षात आलं की याहून पक्कं काही करताच आलं नसतं. ज्या चौघांनी हाताला टिकली दिली होती, त्यांतल्या प्रत्येकाला वाटलं, ती उरलेली एक आपली. बाकी कोणाला आवडला नाही, आपलंच काहीतरी चुकलं. आणि एकमेकांना विचारायचं नाही, हा तर नियमच होता. माझा.

दार उघडलं, सगळे आत आले. बालाजीने भिंतीकडे बघितलं. मोजायला वेळ लागतो का? "बरं बरं," म्हणाला तो, आणि सुनीताला म्हणाला, "ताई, पार्टी पायजे." मग पेरूची पिशवी उचलून ठेवली. बस्स.

आप्पांना सुनीताचं पाकीट दाखवलं. त्यांनी ते हातात धरून उलटसुलट केलं. "चांगलं हाय की," म्हणाले. "दुकानात बाकीच्यायमधी ठिवलं तर वेगळं दिसायचं न्हाई." त्यांनी हे कौतुकानेच म्हटलं होतं. पाकीट अजून चालू आहे. मी ते विकत घेत नाही.

आणि बालाजी सुधारला. पुढच्या कामाला तो सगळ्यांच्या आधी दुकानं फिरून आला. व्यवस्थित लिहून आणलं. त्याचे कागद नीटनेटके झाले, टिकल्या मिळायला लागल्या, गाड्या बंद पडायच्या थांबल्या. लोक मला म्हणायचे, पोराला वळण लावलंत. मी वाट बघत होते, पाचव्यांदा येणाऱ्या त्या कागदाची. तो आलाच नाही. कल्पना काढण्याआधी तो आता विचारायचा, "मॅडम, असं चालंल का?" हे मी ऐकत होते, आणि "चालेल" म्हणत होते.

विष्णुपुरीकडच्या एका कॉलेजात मला बोलायला बोलावलं होतं. विषय काय, तर शिस्त आणि कल्पकता यांचा मेळ. मी तासभर भिंतीबद्दल बोलले. टिकल्यांवर पोरं हसली. एकीने विचारलं, "मॅडम, पण ज्याने पद्धत बसवली त्यालाच निकाल पटला नाही तर?" मी म्हणाले, "तरी पाळायचा. तीच तर कसोटी." टाळ्या पडल्या.

सुनीता नोकरी सोडून हैदराबादला निघाली तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, आता सांगायला हरकत नाही ना? त्या डाळीच्या वेळी हातावर एकच टिकली होती — ती माझी होती." नंतर एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, आमच्याकडे पूर्वी असलेल्या दुसऱ्या एकाने तेच सांगितलं. "कुनालाच कसा आवडला न्हाई तो हात? माझी एकट्याचीच टिकली." मी त्याच्या पानात जिलबी वाढायला सांगितली.

बालाजीही पुढे गेला. लातूरला त्याने स्वतःचं ऑफिस काढलं. क्लासेसची कामं आहेत, हाताखाली बरीच पोरं आहेत. गेल्या वर्षी एका कामासाठी लातूरला गेले होते तेव्हा त्याने आग्रहाने बोलावलं. पोट सुटलंय. आवाज खाली आलाय. आत नेलं — आणि भिंत. एका मापाचे कागद, काळं पेन, मरून टिकल्या. सगळं जिथल्या तिथे. सगळे कागद नीट होते, बघून उठावं असा एकही नव्हता.

चहा आला. पोरांना बाहेर पाठवून तो म्हणाला, "मॅडम, एक बोलायचं राहून गेलं. मला डाळीचं ते पाकीट आठवतंय अजून. तवा लई लागलं होतं. चित्र काढनंच सोडावं वाटलं. पन हातावर एक टिकली होती. मी लई विचार केला, ही कुनाची? बाकीच्यायला तर आवडला न्हाई. तुमीच सगळ्यात शेवटी आत गेलता." त्याने माझा कप पुढे सरकवला. "एवढं भांडून बी तुमी मलाच टिकली दिली. त्याच्यावर मी हितवर आलो, मॅडम."

मी काय म्हणाले?

मी कपाकडे बघितलं. हो म्हणाले नाही. नाही पण म्हणाले नाही. त्याने ते हो असंच धरलं, आणि धरतोय हे मला दिसत होतं. मग त्याने निघताना वाकून माझ्या पाया पडायला घेतलं. मी मागे सरकले नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि गाडीत येऊन बसले.