फ्लेक्सवरची नवरी

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण निवृत्तीनंतरही डोक्यातून जात नाही ते एका फ्लेक्सचं प्रकरण. ऐकून लोक हसतात. हसू देत. त्या फ्लेक्सपायी नुकतीच पायावर उभी राहू पाहणारी एक पोरगी आयुष्यातून उठणार होती. ते मी होऊ दिलं नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो.

मी तेव्हा नगर–मनमाड रस्त्यालगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. लगीनसराई संपत आली होती. सकाळची हजेरी उरकतोय तोच एक बागायतदार भावकी घेऊन ठाण्यात आले. गाव त्यांना अण्णा म्हणे. कोल्हारजवळ एका मंगल कार्यालयाच्या जाहिरातीचा फ्लेक्स लागला होता आणि त्यावर अण्णांच्या मुलीचा हळदीतला फोटो झळकत होता. ओले केस, गालाला हळद, तोंडभर हसू. शेवगावकडच्या सासरच्यांनी येता-जाता तो पाहिला आणि सुनेला माहेरी आणून सोडलं. आमची सून रस्त्यावर कुणी टांगली ते आधी सांगा, मगच तिला नेऊ, असं व्याही बजावून गेले होते.

अण्णांना संशय नव्हता, खात्रीच होती. लग्नाचे फोटो मुलीच्या कॉलेजातल्या मैत्रिणीने काढले होते. देवळाली प्रवराची पोरगी, धंद्यात नवी, आणि हे तिचं पहिलंच मोठं काम.

"तिनंच इकला फोटो," अण्णा म्हणाले. "गुन्हा दाखल करा आन् कॅमेरा जमा करा."

जमा करायला काय लागतं? पण मुद्देमालाच्या खोलीत गेलेली वस्तू सहजासहजी बाहेर येत नाही, आणि तोवर भिंगाला बुरशी चढते. शिवाय बायकांच्या खोलीत शिरून फोटो काढणारीवर असा डाग लागला, तर तिला पुन्हा कोण दारात उभं करणार? मी अण्णांचा अर्ज घेतला, चौकशीवर ठेवला आणि भावकीला चहा पाजून वाटेला लावलं.

निरोप धाडला तशी ती फोटोवाली पोरगी आईला घेऊन आली. आई 'जयभीम साहेब' म्हणून बाकाच्या टोकाशी बसली. महिला हवालदाराला शेजारी बसवून मी विचारपूस सुरू केली.

"लग्नाआधी काही करारनामा केला होता? फोटो कुणाला द्यायचे, कुठे वापरायचे, असं काही?"

"न्हाई साहेब. मी इचारलं हुतं. अण्णा म्हनले, कागद परक्याशी करत्यात, तू तर घरचीच हाय."

"मग?"

"मग काय? मैत्रिनीचं लगीन. जास्त बोलले आस्ते तर म्हनले आस्ते, लई शानी झाली."

ही खोड आमच्याकडचीच. ट्रॅक्टर घेताना दाखवाल तिथे सह्या करतील, पण ओळखीच्या माणसाकडे कागद मागणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हटल्यासारखं वाटतं.

मी आवाज चढवला, तेच प्रश्न उलटेसुलटे करून विचारले. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा न विचारलेलंही सांगत सुटतो. हिने विचारलं तेवढंच सांगितलं आणि मेमरी कार्ड आपणहून टेबलावर ठेवलं. डोळे भरले ते एकदाच.

"ती माझा फोन उचलंना, साहेब. तिला बी वाटतं का, मीच फोटो इकला?"

कार्डात तो फोटो नव्हता. पण पुसला असेल, असं कुणीही म्हणालं असतं. तेवढ्यात आमच्या बीट हवालदाराने खबर आणली. फ्लेक्स छापणारा त्याच्या बसण्याउठण्यातला. फोटो कार्यालयाच्या मॅनेजरने मोबाईलवर पाठवला होता आणि नवरी मोठी दिसावी म्हणून छापणाऱ्याने कडा कापल्या होत्या. मूळ फोटो त्याच्याकडे तसाच होता. मी तो मागवला, कॉम्प्युटरवर उघडला आणि खुर्चीत मागे रेलून बसलो. फोटो वरून घेतलेला. मधोमध नवरी, भोवती करवल्या, आणि डाव्या कोपऱ्यात डोळ्याला कॅमेरा लावून उभी आमची पोरगी. स्वतःच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत ती अशी कशी येणार?

वरून फिरतो तो क्रेनवरचा कॅमेरा, आणि ती क्रेन कार्यालयाचीच होती. मॅनेजरला बोलावलं; अण्णा, त्यांची भावकी आणि ती पोरगी, सगळ्यांना समोर बसवलं.

"चोरी न्हाई केली, साहेब," मॅनेजर घाम पुसत म्हणाला. "पाठवणीच्या येळी मी अण्णांना इचारलं, जाहिरातीला दोन फोटो घेऊ का. अण्णा हात जोडून म्हनले, घ्या, घ्या, तुमचंच कार्य हाय."

अण्णांनी मान खाली घातली.

"म्हनलो आसंल," ते म्हणाले. "त्या दिवशी मी कुनालाच न्हाई म्हनलो न्हाई."

खोटं नव्हतं ते. पाठवणीला मुलीचा बाप हात जोडूनच उभा असतो. व्याही असो, आचारी असो की वाजंत्री, जो जे मागेल त्याला तो हो म्हणतो. काय मागितलं हे त्याच्या कानात शिरतच नाही.

"मिटलं मग," भावकीतला एकजण उठत म्हणाला.

"बसा. एक जबाब राहिलाय," मी म्हणालो. "मुलीला बोलवा."

"तिला कशाला ठाण्याची पायरी? मी हाय की," अण्णा म्हणाले.

"फोटो तुमचा नाही, अण्णा."

नवरी आली ती थेट मैत्रिणीजवळ जाऊन बसली. "माझा फोन अण्णांनी काढून घेतलाय गं," एवढंच बोलली आणि तिचा हात धरला. तिची तक्रार नेमकी काय आहे, ते मी तिलाच विचारलं.

"फोटो चांगला हाय, साहेब," ती म्हणाली. "सासऱ्यांनी इचारलं, फोटो कुनी टांगला. अण्णांनी इचारलं, कुनी इकला. तुला चालंल का, हे मला कुनीच इचारलं न्हाई."

अण्णांनी फेट्याच्या शेमल्याने तोंड पुसलं आणि अर्ज मागे घेत असल्याचं लिहून दिलं. फ्लेक्स त्याच दिवशी उतरला. अण्णा फोटोवाल्या पोरीला घेऊन शेवगावकडे गेले आणि व्याह्यांच्या ओसरीवर, चार माणसांत, चूक माझी असं म्हणाले. त्यासाठी छाती लागते. नवरी सासरी परत गेली.

या धंद्यात नव्याने उतरणारी पोरं भेटली की मी त्यांना दटावूनच सांगतो, ओळखीत कागद आधी करा. लबाड माणूस कागदाला थोडाच भितो? कागद लागतो तो अण्णांसारख्या सरळ माणसांसाठी. ते मनापासून हो म्हणतात आणि मनापासून विसरतात.

त्या पोरीचं काम आता जोरात आहे. वकिलाकडून तिने साध्या मराठीत करारनामा करून घेतलाय. फोटो कुणाला मिळणार, जाहिरातीत वापरायचे की नाही, दुसऱ्याच्या क्रेनवरचं चित्रण कुणाच्या ताब्यात राहणार, सगळं त्यात आहे. परवा माझ्या पुतणीच्या लग्नासाठी ती आमच्या घरी आली होती. माझ्या भावाने चष्मा लावला आणि सहीसाठी पेन मागायला हात पुढे केला.

"थांबा काका," ती म्हणाली आणि कागद पुतणीच्या हातात दिला. "आधी तिला वाचू द्या."